फणीचं नाणं आणि पोपच्या गावची चिल्लर: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात युरोपातल्या जुन्या नाण्यांचं जे पान होतं त्यात फ्लॉरेन्सच्या फ्लोरिन या सोन्याच्या नाण्याशेजारी रोमच्या एका काळपट, चपट्या नाण्याचा फोटो छापला होता, आणि पत्रं, मेसेज सगळे त्या काळपट नाण्यावरच आलेत. मला फार बरं वाटलं. सोन्याची नाणी राजे आणि सावकार बघायचे, भाजीवाली, खानावळवाला, यात्रेकरू यांच्या हातात असायची ती ही चिल्लर. म्हणून यावेळचं सगळं सदर तिलाच.

प्रश्न (पुणे): ताई, फोटोतल्या त्या नाण्यावर चक्क फणी दिसतेय. तुम्ही खाली लिहिलंय रोम, पण पोपचं नाव नाही, चेहरा नाही, पोपची खूण असलेल्या किल्ल्या नाहीत. पोप तर रोमचेच ना? मग त्यांच्या गावच्या नाण्यावर फणी कुठून आली?

उत्तर: फणी आली फ्रान्समधून, आणि ती आणली व्यापाऱ्यांनी. थोडं मागून सांगते म्हणजे नीट कळेल.

पोपच्या नावाची नाणी तशी फार जुनी. आठव्या शतकाच्या शेवटी शेवटी पोप पहिले एड्रियन यांनी देनारो नावाची चांदीची नाणी पाडायला सुरुवात केली, त्यांच्यानंतर तिसरे लिओ आले, त्यांच्या नाण्यांवर एकीकडे संत पीटरचं नाव आणि दुसरीकडे सम्राट शार्लमेनचं. हे असं दहाव्या शतकाच्या शेवटापर्यंत कसंबसं चाललं आणि मग रोमची टांकसाळ बंदच पडली, ती जवळपास दोनशे वर्षं. म्हणजे विचार करा, ज्या गावात अख्ख्या युरोपातून यात्रेकरू येतायत, बिशप लोक खटले घेऊन येतायत, राजांचे वकील येऊन महिनोन्‌महिने राहतायत, त्या गावाला स्वतःचं नाणंच नाही! बाजार काही थांबला नाही अर्थात. लोक दुसऱ्या गावची नाणी वापरायचे, आधी पाव्हिया आणि लुक्का या इटलीतल्याच शहरांची, आणि बाराव्या शतकात हळूहळू प्रोव्हँची.

हे प्रोव्हँ म्हणजे फ्रान्सच्या शँपेन भागातलं एक गाव. त्या काळी शँपेनमधल्या चार गावांत, त्रुआ, प्रोव्हँ, लान्यी आणि बार-सुर-ओब, वर्षभर आळीपाळीने मिळून सहा मोठे बाजार भरायचे. फ्लँडर्सचं लोकरी कापड उत्तरेकडून यायचं, मसाले आणि रेशीम इटलीचे व्यापारी दक्षिणेकडून आणायचे, आणि सगळे हिशोब तिथे व्हायचे. तिथलं चालू नाणं होतं प्रोव्हँचं छोटं देनिए, म्हणजे देनारोचंच फ्रेंच नाव, आणि त्यावर होती ही फणी. काहीजण म्हणतात ती लोकर विंचरायची फणी, कारण प्रोव्हँ कापडासाठी प्रसिद्ध होतं, तर काहीजण म्हणतात आधीच्या जुन्या नाण्यावरचं डिझाइन पिढ्यान्‌पिढ्या कॉपी होत होत बिघडलं आणि त्याची फणी झाली. मला दुसरं जास्त पटतं, कारण नुसत्या डोळ्यांनी बघून ठसा कोरणारे कारागीर असं हमखास करतात, पण कापडाच्या गावाने ती फणी आनंदाने आपली मानली असणार यात मला शंका नाही.

आता ही नाणी रोमपर्यंत कशी आली ते बघा, हा भाग मला सगळ्यात आवडतो. दूरच्या देशातला एखादा बिशप किंवा मठाचा प्रमुख रोमला यायचा, पोपच्या दरबारात केस चालायची, वकिलांची फी, राहणं, खाणं, भेटी, पैसे संपायचे. मग रोमचे व्यापारी त्याला कर्ज द्यायचे आणि करार असा व्हायचा की परतफेड रोममध्ये नाही तर शँपेनच्या अमुक बाजारात करायची. तिथे पैसे वसूल झाले की काही माल घेऊन, काही रोख घेऊन रोमकर परत. म्हणजे पोपच्या दरबाराचा खर्चच ती फणी रोममध्ये ओढून आणत होता.

ही नाणी रोममध्ये इतकी चालली की 1180 च्या दशकात रोमच्या सेनेटने, म्हणजे तिथल्या नागरिकांनी 1143-44 मध्ये पोपच्या सत्तेविरुद्ध उठाव करून जी नगरसत्ता उभी केली होती तिने, स्वतःची टांकसाळ चालू केली आणि डिझाइन म्हणून सरळ प्रोव्हँचीच फणी उचलली. अक्षरं फक्त बदलली: एका बाजूला सेनेटचं नाव आणि दुसऱ्या बाजूला लॅटिनमध्ये रोमा कापुट मुंडी, म्हणजे रोम, जगाचं मस्तक. कोरणाऱ्यांनी कितीदा स्पेलिंगही चुकवलंय. नावही तेच राहिलं, प्रोव्हिझिनो, म्हणजे प्रोव्हँवालं. इतका अभिमानाचा मजकूर आणि चित्र मात्र परगावचं, यात मला कमीपणा अजिबात वाटत नाही, उलट शहाणपण वाटतं. बाजाराच्या ओळखीचा चेहरा दिला तर नाणं पहिल्याच दिवशी चालतं, नवं चित्र टाकलं की दुकानदार आधी उलटसुलट करून बघणार, मग बाजूला ठेवणार.

आणि पोप? 1188 मध्ये पोप तिसरे क्लेमेंट आणि सेनेट यांचा समझोता झाला, त्यात टांकसाळ कागदोपत्री पोपकडे परत आली. पण नाण्यावर नाव सेनेटचंच राहिलं, फणी पण राहिली, आणि हे चौदाव्या शतकातही चालूच होतं. नाणं बाजारात रुळलेलं होतं, ते बदलून कुणाचाच फायदा नव्हता.

प्रश्न (नाशिक): आमचा सराफीचा धंदा आहे, तिसरी पिढी. या नाण्यात चांदी किती टंच असायची? आणि एका नाण्यात काय यायचं?

उत्तर: दादा, तुमच्यासारख्यांनी विचारलं की उत्तर द्यायला मजा येते. काळाप्रमाणे टंच फार बदललाय. शार्लमेनच्या वेळचा देनारो जवळपास शुद्ध चांदीचा, वजन साधारण 1.7 ग्रॅम. तो चिल्लर नव्हताच मुळी. 794 च्या फ्रँकफर्टच्या सभेत शार्लमेनने भाव बांधून दिलेत, ते आजही वाचायला मिळतात: एका देनारोला दोन पौंडी गव्हाच्या बारा पावरोट्या, राय नावाच्या धान्याच्या पंधरा, बार्लीच्या वीस, ओटच्या पंचवीस. आता बारा मोठ्या पावरोट्या एकदम कोण घेतो? घरचं माणूस एक घेणार. म्हणजे त्या काळात रोजच्या खरेदीला नाणं मोठं पडत होतं आणि लोक बहुतेक धान्याच्या, अंड्यांच्या, मजुरीच्या देवाणघेवाणीवर किंवा उधारीच्या खात्यावर भागवत असणार.

पुढच्या चार-पाचशे वर्षांत तोच देनारो झिजत झिजत खाली आला. रोमचा प्रोव्हिझिनो एक ग्रॅमच्याही आतबाहेर, आणि त्यात निम्म्याहून जास्त तांबं. सराफाच्या नजरेने हा माल हलकाच, पण त्यामुळेच तो पहिल्यांदा खरा बाजारात उतरला. भाजीची जुडी, एक मेणबत्ती, घोड्याला मूठभर चारा असल्या गोष्टी नाण्याने घेता यायला लागल्या.

बनवायची पद्धत तुम्हाला ओळखीची वाटेल. मिश्र धातूच्या पट्ट्या ओतायच्या, हातोडीने ठोकून पातळ करायच्या, कात्रीने चकत्या कापायच्या, तापवायच्या, आणि मग मीठ आणि द्राक्षदारूच्या पिंपात तळाला साचतो तो आंबट क्षार यांच्या पाण्यात उकळायच्या. त्याने वरवरचं तांबं निघून जातं आणि चांदीचा पांढरा थर वर राहतो. मग खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात पक्का बसवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये चकती आणि वरून हातोडा. टांकसाळीतून निघताना नाणं चकाचक पांढरं दिसायचं, महिनोन्‌महिने हाताळलं गेलं की थर उडायचा आणि आतलं काळपट तांबं दिसायचं. फोटोत दिसतंय ते तेच.

आता एक गोष्ट जी लोकांच्या लक्षात येत नाही. बोलोन्या शहराने 1236 मध्ये एक मोठं चांदीचं नाणं काढलं, बोलोनीनो ग्रोसो, किंमत बारा छोट्या नाण्यांइतकी. टांकसाळीच्या माणसाला ग्रोसोसाठी एक चकती आणि एक ठोका, तेवढ्याच किमतीच्या चिल्लरीसाठी बारा चकत्या आणि बारा ठोके, मजुरी जवळपास बारापट. म्हणून टांकसाळीला चिल्लर पाडायची कधीच हौस नसायची, आणि पाडली तरी मजुरी भरून काढायला चांदी अजून थोडी कमी घालायची. त्याचा भार कुणावर? रोजंदारीवाल्यावर. फ्लॉरेन्सने 1252 मध्ये सोन्याचा फ्लोरिन काढला तेव्हा तो 240 छोट्या देनारींचा होता, 1300 च्या आसपास त्याच फ्लोरिनला दुपटीहून जास्त देनारी मोजावे लागत होते. व्यापारी आपले हिशोब सोन्यात ठेवायचे, मजुराला हातात मिळायची ही घसरणारी चिल्लर. नाणेशास्त्राची पुस्तकं यावर एखादं पान लिहून पुढे जातात, मला मात्र हीच त्या नाण्यांची खरी कहाणी वाटते आणि ती वाचताना अजूनही राग येतो.

प्रश्न (सांगली): आमच्याकडे काही दुकानदार दहा रुपयांचं नाणं घेत नाहीत, सरकारी असलं तरी. पोपचं नाणं नाकारायची कुणाची हिंमत होत असेल का?

उत्तर: होत होती, रोज होत होती! पोपला आपण सगळ्या ख्रिस्ती जगाचे गुरू म्हणून बघतो त्यामुळे वाटतं की त्यांचं नाणं सगळीकडे चालत असणार. पण नाण्यांच्या बाबतीत पोप हे एका भागाचे जमीनदार राजे होते, बाकी शेजारच्या राजांसारखेच, आणि त्यांची चिल्लर त्यांच्या हद्दीतच चालायची.

हे नाण्यांवरच लिहिलेलं आहे. रोमच्या उत्तरेला व्हितेर्बो नावाचं गाव आहे, यात्रेकरूंच्या मोठ्या रस्त्यावरचं, तेराव्या शतकात पोप बरीच वर्षं तिथेच राहायचे. तिथे आणि जवळच्या माँतेफियास्कोनेला जे छोटे नाणे पाडले त्यांना लोक पापारीनो म्हणायचे, त्यावर किल्ली आणि मजकूर काय तर संत पीटरची वतनी जमीन. तसंच फ्रान्समध्ये आव्हिन्यॉंच्या बाजूचा व्हनेसँ नावाचा मुलूख 1274 मध्ये पोपकडे आला, तिथल्या पाँ-द-सॉर्ग गावात टांकसाळ होती, आणि पोप पाचवे क्लेमेंट यांच्या नाण्यावर त्यांनी स्वतःला व्हनेसँचे काउंट असं लिहून घेतलंय. पोप असूनही काउंट! कारण तिथल्या बाजारात नाणं चालवायचा हक्क त्या काउंटपदातून येत होता.

हद्द ओलांडली की नाणं सराफाच्या टेबलावर. तो वजन बघणार, रंग बघणार, कुठल्या टांकसाळीचं ते बघणार आणि बट्टा कापून स्थानिक नाणी देणार. पोपच्या खजिन्यालाही यातून सुटका नव्हती. 1192 मध्ये त्यांच्या खजिनदाराने, चेंचियो नाव त्यांचं, पुढे तेच तिसरे होनोरियस म्हणून पोप झाले, युरोपभरातून येणाऱ्या देण्यांची एक मोठी वही करून घेतली. त्यात कुणी लुक्काच्या नाण्यांत देतंय, कुणी पाव्हियाच्या, कुणी मेलग्योलच्या, कुणी स्पेनकडच्या सोन्याच्या नाण्यांत, कुणी नुसतं वजन करून. ती वही वाचली की कळतं जगाचे गुरूसुद्धा सगळ्यांच्या नाण्यांपुढे हातच टेकत होते.

हे मेलग्योल म्हणजे दक्षिण फ्रान्समधली पोपच्या अधिपत्याखालची जहागीर, तेराव्या शतकात ती मागलोनच्या बिशपकडे होती. उत्तर आफ्रिकेशी व्यापार जोरात, तिकडच्या बाजारात तिकडचंच नाणं हवं, म्हणून बिशपच्या टांकसाळीत अरबी अक्षरांची, पैगंबर मुहम्मद यांचं नाव असलेली चांदीची नाणी पाडली जात होती. 1266 मध्ये पोप चौथे क्लेमेंट यांनी बिशपला खरमरीत पत्र लिहून याचा जाब विचारला. पण बघा ना, गिऱ्हाईक ज्या नाण्यावर विश्वास ठेवतं ते नाणं पाडायचं हा नियम बिशपनेही पाळला आणि सेनेटनेही.

आणि शेवटी पोपनेही पाळलाच. चौदाव्या शतकात पोप रोम सोडून आव्हिन्यॉंला राहत होते. पोप पाचवे उर्बान 1367 मध्ये तिथून रोमला परत आले, पुढे तीन वर्षांनी पुन्हा गेले, पण त्यांनी रोममध्ये स्वतःच्या नावाचं छोटं चांदीचं नाणं काढलं. एका बाजूला पोपचा मुकुट घातलेला अर्धपुतळा, दुसऱ्या बाजूला मध्ये ठिपका आणि भोवती क्रॉससारखी मांडलेली चार अक्षरं. ती मांडणी घेतलेली बोलोन्याच्या नाण्याची, जे मध्य इटलीच्या बाजारात कधीचं मुरलेलं होतं, आणि नावही पडलं बोलोनीनोच.

प्रश्न (कोल्हापूर): मी शाळेत इतिहास शिकवते. 1300 सालच्या रोमच्या महायात्रेत सोन्याचे ढीग जमले असं वाचलं होतं. खरं आहे का?

उत्तर: ढीग जमले, पण सोन्याचे कमी. पोप आठवे बोनिफास यांनी 1300 हे वर्ष खास पुण्याचं म्हणून जाहीर केलं आणि प्रचंड गर्दी लोटली. आस्ती गावचा गुलिएल्मो व्हेंतूरा स्वतः त्या यात्रेला गेला होता, त्याने लिहून ठेवलंय की संत पॉलच्या वेदीपाशी दोन पाद्री दिवसरात्र उभे राहून दाताळ्याने पैसे ओढत होते. वर्गात हे नक्की सांगा, मुलं विसरणार नाहीत. पण दाताळ्याने काय ओढलं जातं? पोपच्या दरबारातले कार्डिनल स्तेफानेस्की यांनी स्पष्ट लिहिलंय की त्यातला बहुतेक भाग देशोदेशीची छोटी नाणी होती. गरीब माणसाने घरून आणलेला एक-एक देनारो.

त्याहून जुना, हातात धरता येईल असा पुरावाही आहे. 1883 मध्ये रोमच्या जुन्या चौकात, व्हेस्टा या प्राचीन रोमन देवीच्या पुजारिणींच्या वाड्याच्या जागी खोदकाम करताना साधारण 830 इंग्लिश चांदीच्या पेनी एकत्र सापडल्या, आणि सोबत दोन चांदीच्या छोट्या पट्ट्या, त्यावर पोप मरीनस यांचं नाव. हे 942 ते 946 या काळातले पोप. म्हणजे इंग्लंडहून पोपला पाठवलेली ती रक्कम होती आणि कुणीतरी ती तिथे पुरून ठेवली, परत न्यायला कुणी आलंच नाही.

यात्रेकरूंवर चालणारा छोटा धंदा मुलांना समजावायचा असेल तर बिल्ल्यांचं उदाहरण घ्या. संत पीटर आणि पॉल यांची चित्रं असलेले शिशाचे, कथलाचे स्वस्त बिल्ले यात्रेकरू टोपीला लावून घरी जायचे, आणि 1199 मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी ते ओतायचा आणि विकायचा हक्क पीटरच्या चर्चच्या पाद्र्यांच्या मंडळाला दिला. इतक्या छोट्या वस्तूवर मक्तेदारीचं फर्मान निघतं म्हणजे त्यातून गोळा होणारी चिल्लर किती असेल!

प्रश्न (वसई): आजीच्या पेटीत तांब्याचं नाणं मिळालं. एका बाजूला म्हाताऱ्या माणसाचा चेहरा आणि पियुस नववे असं लॅटिनमध्ये, मागे 1 सोल्दो, 5 सेंटेसिमी आणि 1867. हे मध्ययुगातलं का? आणि चिंच लावून घासू का?

उत्तर: काकू, आधी चिंच बाजूला ठेवा! चिंच, लिंबू, पितांबरी काहीच लावू नका, वरचा तपकिरी थर गेला की नाण्याची अर्धी किंमत गेली आणि बारीक अक्षरंही पुसट होतात. कोरड्या मऊ कपड्याने धूळ पुसा आणि कागदाच्या पाकिटात ठेवा, बस.

मध्ययुगातलं नाही, पण त्याच घराण्यातलं शेवटचं म्हणता येईल. पोपच्या राज्याने 1866 मध्ये नवी दशमान पद्धत घेतली, एका लिराचे 100 सेंटेसिमी, आणि पाच सेंटेसिमीच्या नाण्याला नाव दिलं सोल्दो. शार्लमेनच्या काळापासून हिशोब असा होता की 12 देनारोंचा एक सोल्दो आणि 20 सोल्दोंचा एक लिरा, पण तेव्हा सोल्दो आणि लिरा फक्त वहीत असायचे, हातात यायचा तो देनारो. तुमच्या नाण्यातही बघा, पाच सेंटेसिमी म्हणजे लिराचा विसावा भागच. हजार वर्षं जुना हिशोब तुमच्या आजीच्या पेटीत आहे. 20 सप्टेंबर 1870 ला इटलीच्या सैन्याने रोम घेतलं आणि पोपचं राज्य संपलं, म्हणजे तुमचं नाणं त्याच्या तीनच वर्षं आधीचं. ते वसईला कसं आलं हे घरातल्या थोरांना नक्की विचारा, कुणी नातेवाईक शिकायला किंवा यात्रेला रोमला गेले होते का, आणि जे कळेल ते लिहून नाण्यासोबत पाकिटात ठेवा.

प्रश्न (दुबई): फणीचं नाणं विकत घ्यायचंय. महाग असतं का? भारतात आणता येईल?

उत्तर: रोमचे प्रोव्हिझिनो इतके पाडले गेले की दुर्मिळ नाहीत, युरोपातल्या नाणेविक्रेत्यांकडे सहज दिसतात, झिजलेला नग सोन्याच्या फ्लोरिनच्या मानाने अगदीच स्वस्त पडतो. स्वस्त म्हणून घाई मात्र करू नका. इटलीत जमिनीत सापडलेली जुनी वस्तू सरकारची असते आणि देशाबाहेर न्यायला परवानगी लागते, तेव्हा विक्रेत्याकडून नाणं कुठून आलं त्याचे कागद आणि पक्कं बिल मागा, नाही दिलं तर सोडून द्या. भारतात आणलंत तर तेही जपून ठेवा, कारण आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू धरली जातात, ती परत बाहेर न्यायची म्हटली की अडवतात. आणि घेताना दोन सारखी नाणी शेजारी ठेवून बघा, खरी असतील तर फणीचे दात, कडेची कात्री, अक्षरांची जागा काहीतरी वेगळं निघणारच. अगदी हुबेहूब जुळली तर ती साच्यात ओतलेली नक्कल समजा.